आधी बादली, मग कोटिंग

कार डिटेलिंगचा, म्हणजे गाडीच्या आतून-बाहेरून बारकाईने सफाईचा, धंदा टाकायचा विचार असेल, तर गाळ्याचं डिपॉझिट आणि फ्रँचायझीची रक्कम भरण्याआधी थोडं थांबा. या धंद्यात उतरणारे बरेच तरुण सुरुवात शेवटाकडून करतात. काचेचं दुकान, छताला षटकोनी दिवे, भिंतीवर सिरॅमिक कोटिंगचं दरपत्रक, आणि या सगळ्यापायी घरच्यांनी मोडलेली ठेव. गाडी नीट धुण्याचा हात मात्र बसलेला नसतो. कष्टाचा पैसा असा अडकताना पाहवत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

गाडीच्या रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो. तो साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही पातळ. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे गोल ओरखडे दिसतात, ते बहुतेक वेळा धुताना-पुसताना पडलेले असतात. कोरडी धूळ फडक्याने पुसली, एकाच बादलीतलं गढूळ पाणी पुन्हा पुन्हा फिरवलं, की ते पडतातच. पॉलिश करताना हाच थर आणखी थोडा घासला जातो आणि गेलेला थर परत येत नाही. दरवाजाच्या कडेला तर तो आणखी पातळ असतो. तिथे नवख्या हातातलं मशीन क्षणभर जास्त रेंगाळलं, तर दरवाजा पुन्हा रंगवून द्यायची वेळ येते. मशीन शिकायचं असेल तर भंगारातून जुनं बॉनेट आणा आणि त्यावर हात साफ करा. गिऱ्हाइकाची गाडी ही शिकण्याची जागा नव्हे.

सुरुवातीला लागतं तरी काय? दोन बादल्या, एक शॅम्पूची आणि दुसरी धुण्याचा हातमोजा खळबळून घ्यायची. मायक्रोफायबरची फडकी, चाकांसाठी वेगळी आणि रंगासाठी वेगळी. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवशी पुन्हा रंगाला लावायचं नाही. गाडीचा शॅम्पू वापरा. भांड्यांचा साबण आधी लावलेलं वॅक्स काढून टाकतो. काम सावलीत करा, पत्रा थंड असताना. बोअरचं पाणी जड असेल तर ते गाडीवर वाळू देऊ नका, पांढरे डाग बसतात आणि मग ते काढायला पॉलिशच लागतं. याच्या जोडीला पाणी ओढणारा चांगला व्हॅक्यूम आणि लहान प्रेशर वॉशर घेतला, की सुरुवातीपुरतं सामान झालं.

खरी कमाई आणि खरी कदर मात्र आतल्या सफाईची आहे. आपल्याकडचा पावसाळा हेच त्याचं कारण. कोकणात चार महिने उभी असलेली गाडी उघडा, सीटबेल्टवर बुरशी, मॅटखाली ओल, आणि कुबट वासावर उतारा म्हणून डॅशबोर्डवर ठेवलेली अत्तराची बाटली. त्या बाटलीने काहीही होत नाही. पाणी कुठून येतं ते आधी शोधा. एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली की ते पुढच्या सीटच्या पायाशी उतरतं. दरवाजाचं रबर फाटलं असेल तर तिथून येतं. गालिच्याखालचा फोम दिवसचे दिवस पाणी धरून ठेवतो, म्हणून तो उचलून सुकवावा लागतो. सीट धुताना पाणी कमीच वापरा. सीटखाली पिवळ्या रंगाचे जोड दिसले तर ते एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नका आणि पाणी तर मुळीच नको. एवढं समजून काम करणारा माणूस एकदा सापडला, की गिऱ्हाईक त्याला सहसा सोडत नाही.

काम हाती घेण्याआधी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, आधीचे ओरखडे मालकाला दाखवा. गाडीतली सुटी नाणी, कागद, मुलांची खेळणी एका पिशवीत भरून मालकाच्याच हातात द्या. या धंद्यात एक संशय पुरेसा असतो, तो सोसायटीभर होतो.

कोटिंग जरूर शिका, पण खोटं सांगून विकू नका. कोटिंगच्या जाहिरातीतलं ‘9एच’ हे कडकपणाच्या पेन्सिल चाचणीवरचं माप आहे; त्याने दगडाचा टवका थांबत नाही. ओरखडे न काढता वर कोटिंग मारलं तर ते खाली तसेच राहतात.

पाणी जपून वापरा, हे कळकळीने सांगतो. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने प्यायचं पाणी न्यावं लागलं होतं. बेंगळुरूत मार्च 2024 मध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला पाच हजारांचा दंड लावण्यात आला. उघडा पाइप दहा-पंधरा मिनिटं सोडला तर शंभर लिटर सहज जातात. नुसती धूळ बसलेली गाडी, नंतर पाण्याने धुवावा न लागणारा खास शॅम्पू वापरला तर, बादलीभर पाण्यात स्वच्छ होते. हे शिकलात तर उन्हाळ्यातही काम चालू राहील आणि सोसायटीच्या सेक्रेटरीची हरकतही येणार नाही.

कागदपत्रांचं फार ओझं नाही. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. महाराष्ट्रात मोजकेच कामगार असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल 20 लाखांपर्यंत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. कर्ज घ्यायचंच असेल तर मुद्रा योजनेतलं 50 हजारांपर्यंतचं ‘शिशु’ कर्ज आधी पाहा. ते विनातारण आहे आणि या सामानाला पुरतं.

सोसायटीत पहाटे गाड्या पुसणाऱ्या पोरांच्या पोटावर पाय देऊ नका. त्यांच्याकडे गिऱ्हाइकं आहेत, तुमच्याकडे कसब असेल. त्यांना दोन बादल्यांची पद्धत शिकवा, आतल्या सफाईची कामं त्यांच्यामार्फत घ्या आणि त्यांचा वाटा चोख द्या.

आणि हिशेब. समजा महिन्याला 30 गाड्या झाल्या, दर 1,200 रुपये, तर 36,000 आले. शॅम्पू, फडकी, पेट्रोल यांचे गाडीमागे 250 धरले, तर 7,500 गेले. उरलेल्या 28,500 मधूनच मशीनची दुरुस्ती आणि रिकामे दिवसही काढायचे आहेत. चार तासांचं काम शेजारच्याशी चढाओढ म्हणून 500 रुपयांत केलंत तर हा धंदा वर्षभरही टिकणार नाही. येत्या रविवारी ओळखीच्या कुणाची तरी गाडी मागून घ्या, आतून-बाहेरून स्वच्छ करा आणि किती वेळ लागला ते वहीत लिहा. तुमचा दर त्या आकड्यावरून ठरवा.