नदीची नाडी

घरात मूल तापले की आई थर्मामीटर लावते. पण पारा किती चढला ते पाहून ती गप्प बसत नाही. कपाळावर ओली पट्टी ठेवते, डॉक्टरांकडे नेते. नुसत्या मोजण्याने ताप उतरत नाही, हे तिला ठाऊक असते. यावेळी आम्ही वाचकांना एका नदीची अशीच हकीकत सांगणार आहोत.

अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यातून निघून क्लॅमथ नदी कॅलिफोर्नियात समुद्राला मिळते. हे सॅमन माशाचे घर. आपल्या बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, तो हा नव्हे. सॅमनची पिल्ले नदीत जन्मून समुद्रात जातात, काही वर्षे तिथे वाढतात आणि अंडी घालायला जन्माच्या नदीत परततात. नदीत शिरल्यावर खाणे जवळजवळ बंद. अंगातल्या चरबीवरच उलट्या प्रवाहात चढायचे. इथला मोठा चिनूक सॅमन अंडी घातल्यावर मरतो. म्हणजे ही वाट आयुष्यात एकदाच. वाटेत मेला तर पुढची पिढीही गेली.

2001 साली दुष्काळ पडला. माशांसाठी नदीत पाणी राखले गेले आणि वरच्या भागातल्या शेतकऱ्यांची पिके वाळली. 2002 मध्ये शेतीला पाणी दिले, नदी आटली. सप्टेंबरात कोमट, उथळ पाण्यात माशांची दाटी झाली, कल्ल्यांना रोग लागला आणि किमान 34,000 मासे मेले. नदीकाठच्या युरोक आदिवासींचे अन्न, उत्पन्न आणि परंपरा याच माशावर उभ्या आहेत. एका साली शेतकऱ्याची चूल विझली, दुसऱ्या साली कोळ्याची. दोन्हीकडे घरेच होती.

त्यानंतर नदीची नाडी अधिक बारकाईने पाहिली जाऊ लागली. पाण्याचे तापमान, प्रवाह, विरघळलेला प्राणवायू यांच्या नोंदी होतात. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो. युरोकांचे मत्स्य कर्मचारी काही मासे पकडून कल्ले तपासतात. 2014 मध्ये कल्ल्यांवर तोच परजीवी पुन्हा दिसला. लगेच ट्रिनिटी या उपनदीवरच्या धरणातून जादा पाणी सोडले गेले आणि 2002 सारखा संहार टळला.

2023 आणि 2024 मध्ये क्लॅमथवरची चार धरणे पाडण्यात आली. आता ध्वनिलहरींच्या यंत्राने गढूळ पाण्यातूनही जाणारे मासे मोजता येतात. ऑक्टोबर 2024 मध्ये, शंभरहून अधिक वर्षांनी, सॅमन पुन्हा ऑरेगॉनमधल्या उपनदीत पोहोचला.

पाण्यावरून भांडण लागले की ज्याचा आवाज मोठा, त्याचे ऐकले जाते. मोजमाप हाताशी असले तर पाणी कोणत्या दिवसांत, किती आणि कशासाठी सोडायचे, हे तरी ठरवता येते. शेतकऱ्याचा हक्कही डावलला जाऊ नये आणि माशाची वाटही बंद होऊ नये, याची सुरुवात तिथून होते. मात्र पारा चढलेला दिसला की उठायला हवे. 2014 मध्ये माणसे वेळेवर उठली, म्हणून मासे वाचले.