दुसरे मत कोणाला?

आपल्या भंडाऱ्यातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेची निवडणूक लढले होते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? घरी आजोबांना विचारून पाहा. ती १९५४ सालची पोटनिवडणूक होती. आणि बाबासाहेब तीत हरले.

चौथीच्या वर्गात हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ज्यायनं घटना लिवली, तेच हारले काहून?"

प्रश्न झकास आहे. त्या काळी भंडाऱ्यातून दोन खासदार निवडले जात. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. म्हणून प्रत्येक मतदाराला दोन मते असत आणि ती दोन वेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. (ही दुहेरी पद्धत १९६१ साली बंद झाली.) आता डोके चालवा बरे! एक मत बाबासाहेबांना दिले, तर दुसरे ज्याला द्याल त्याचाही आकडा वाढणार. मग दुसरे मत कोणालाच दिले नाही तर?

हीच युक्ती काही कार्यकर्त्यांनी सुचवली, अशी आठवण आपल्याकडे सांगतात. 'मत कुजवणे' म्हणायचे तिला. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. घटना तयार करणाऱ्यानेच लोकांना मत वाया घालवा म्हणून कसे सांगायचे, असे त्यांचे म्हणणे. निकालात समाजवादी नेते अशोक मेहता निवडून आले, राखीव जागा मात्र काँग्रेसकडे गेली. बरे, बाबासाहेब हिशेबाला कच्चे होते म्हणावे, तर रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून १९२३ साली त्यांनी लंडनची डी.एस्सी. पदवी मिळवलेली! ते मुळात अर्थशास्त्रज्ञच.

नियमांचा एवढा आग्रह कशासाठी? उत्तर त्यांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात सापडते. लोकशाही भारताला नवी नाही, असे त्यांनी तिथे सांगितले. बौद्ध भिक्षूंच्या संघात कोणी कुठे बसायचे, ठराव कसा मांडायचा, किमान किती जण हजर हवेत, मते कशी मोजायची, या सगळ्यांचे नियम होते. महत्त्वाचा ठराव तीनदा वाचून दाखवत. कोणाची हरकत नसेल तर सगळे गप्प राहत, म्हणजेच ठराव मंजूर. एकमत झाले नाही तर लाकडी काड्या वाटत. काडीला म्हणायचे 'शलाका'. कोणत्या रंगाची काडी उचलली, त्यावरून मत ठरे. काड्या गोळा करायला निःपक्षपाती भिक्षू नेमत, आणि मतदान गुप्तपणेही घेता येई! आपल्या वर्गात मॉनिटर निवडताना नुसते हात वर करतो आपण. त्यात दोस्ताच्या डोळ्यांची भीती असतेच ना?

आपल्याकडचे जुने ते सगळे सोने, असे मात्र बाबासाहेब मानत नव्हते. गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी चांगलेच सुनावले होते. ज्या गावात त्यांच्या लोकांना पाणवठ्यावर पाणी मिळत नव्हते, त्या गावाचे कौतुक त्यांनी का करावे? स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रान्सकडून घेतली नाहीत, बुद्धांकडून घेतली, असे त्यांनी ३ ऑक्टोबर १९५४ ला आकाशवाणीवर सांगितले. भंडाऱ्यातल्या पराभवाचेच ते वर्ष.

आणि १९४९ च्या भाषणात एक धास्तीही होती. ही लोकशाही भारताने एकदा गमावली आहे, पुन्हा गमावणार का? मत प्रत्येकाला एकच मिळेल. पण घरात, गावात, पैशात माणसे सारखी नसतील, तर ते किती दिवस टिकेल?

पवनीला गेलात तर वैनगंगेबरोबर जगन्नाथ टेकडीही बघा. १९६९-७० साली तिथल्या उत्खननात मोठा बौद्ध स्तूप सापडला. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात भिक्षू राहत होते. बाबासाहेबांना मात्र तो पाहायला मिळाला नाही. ते १९५६ सालीच गेले.