पट्टीचा प्रोग्राम आणि एएमसीचे बिल

लिलाव झाला की कांद्याचा ट्रॅक्टर भुईकाट्यावर दोनदा चढतो, एकदा भरलेला, एकदा रिकामा. मग शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी पडते : वजन, भाव, हमाली-तोलाई-वाराईची असेल ती कपात, निव्वळ रक्कम. देशभर खपणाऱ्या टॅलीला वाराईशी काय देणेघेणे? म्हणून तर लासलगाव, पिंपळगाव बसवंत, चांदवडच्या गाळ्यांवर आपल्यासारख्या एकट्या-दुकट्या प्रोग्रामरला जागा आहे. पण ही जागा केवढी? गाळे मोजकेच. एकदा सगळ्यांकडे प्रोग्राम बसला की विक्री संपली, फोन मात्र सुरूच. तरी आपल्यातले बरेच जण अजूनही 'एकदाच पैसे, कायमचा प्रोग्राम' याच बोलीवर विकतात. हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

2016 चा जुलै आठवून पाहा. फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरले. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. सुरू झाले तेव्हा पट्टीतली अडतीची वजावट काढायची होती. नोव्हेंबरात नोटाबंदी आली. रोखीच्या जागी चेक आणि आरटीजीएस, म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याचा खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड साठवणे आले. 1 जुलै 2017 ला जीएसटी. वर्षभरात तीन उलथापालथी, आणि गाळ्यावरून उत्तर ठरलेले : "एक ओळ तर बदलायची, त्याचे कसले पैसे?" 2024 च्या एप्रिलमध्ये हमाली-तोलाईच्या कपातीवरून लिलाव पुन्हा थांबले. असे बदल पुढेही येतच राहणार, आणि ते करून देणे हाच आपला खरा माल आहे. तो एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभाल करारावर, दरवर्षी विकायचा.

पेनड्राइव्हवरून शेजारच्या गाळ्यात गेलेल्या कॉपीचे मला फारसे दुःख नाही. नियम बदलला की तो गाळेवालाही तुमचाच नंबर शोधतो.

एएमसी थकली म्हणून जुन्या पट्ट्या कुलूपबंद करण्याचा मोह मात्र आवरा. नोंदी व्यापाऱ्याच्या आहेत. नवे बदल थांबवा, जुने उघडू द्या. नाहीतर संध्याकाळपर्यंत तुमचे नाव साऱ्या मार्केट यार्डात खराब झालेले असेल.

1 एप्रिलला नवे आर्थिक वर्ष उघडून द्यायला व्यापारी तुम्हालाच बोलावतो. त्याआधी, मार्चमध्येच, एएमसीचे बिल त्याच्या हाती द्या. जीएसटीची नोंदणी असेल तर 18 टक्के वेगळे दाखवा, आणि नियमबदलाचे काम त्यात किती धरले आहे ते बिलावरच लिहा.