सावलीचा वाफा आणि विलायती रोपे

नवी मुंबईतील गृहसंस्थांच्या आवारांत इमारतीच्या सावलीस फॉक्सग्लव्ह व हायड्रेंजिया ही फुलझाडे एकत्र लावावीत काय, अशी पृच्छा आमच्याकडे अधूनमधून होते. आमचे मत स्पष्ट आहे : लावू नयेत.

विलायतेत ही जोडी शोभते, हे खरे. पाठीमागे फॉक्सग्लव्हचे उंच तुरे, पुढे हायड्रेंजियाचे भरगच्च गुच्छ. दोहोंसही पालापाचोळ्याचे खत, ओल व अर्धी सावली मानवते. परंतु तेथील सावली निराळी व आपली निराळी. इंग्लंडात मध्यान्हीचा सूर्य बाराही महिने दक्षिणेस असतो. म्हणून उत्तरेच्या भिंतीलगत भर दुपारीही सावली टिकते. आपल्याकडे १५ मेच्या सुमारास सूर्य ऐन माथ्यावर येतो व पुढे जुलैअखेरपर्यंत दुपारी उत्तरेकडे कललेला राहतो. म्हणजे उष्मा असह्य होतो त्याच दिवसांत इंग्रजी पुस्तकातील हा उत्तरेचा वाफा उन्हात सापडतो. त्यातून जगलेच तर जूनपासून पाऊस. साचल्या पाण्यात फॉक्सग्लव्हचा गाभा कुजण्यास वेळ लागत नाही.

शिवाय फॉक्सग्लव्ह बहुधा पहिल्या वर्षी नुसता पाला देतो आणि मधल्या हिवाळ्याची कडक थंडी लाभली तरच दुसऱ्या वर्षी फुलतो. तशी थंडी खाडीकाठी कोठली? हायड्रेंजियाने उटी-दार्जिलिंगास राहावे. इमारतीच्या पायथ्याशी सिमेंट-चुन्याचा राबिट असतो. अशा जमिनीत त्याची निळाई उतरून फुले गुलाबी होतात, ही आणखी एक निराशा.

यांहून गंभीर गोष्ट विषाची. फॉक्सग्लव्हचे पान हृदयावर परिणाम करते. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने १७८५ साली त्याच्या औषधी उपयोगावर ग्रंथ लिहिला, पण औषधाची मात्रा व विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे. मुले खेळतात त्या आवारात, पालेभाजीसारख्या दिसणाऱ्या पानांचे हे झाड हवेच कशाला?

आमची सारी नोकरी सात-बाराच्या उताऱ्यांत गेली. त्यांत जिरायत, बागायत, पोटखराबा यांस जागा होती. घराच्या पागोळीखालील फुलझाडांस नव्हती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. भातखाचरांची व मिठागरांची नोंद दप्तरात राहिली, परसातील सोनटक्क्याची कोठेच नाही. वस्तुतः या वाफ्याचा खरा धनी तोच. कमरेच्या वर वाढतो, ओल व विरळ सावली त्यास प्रिय, ऐन पावसात पांढरी सुवासिक फुले देतो. त्याच्यापुढे तेरडा पेरावा. रंग तीन दिवसांचा असला म्हणून काय झाले? बी आपोआप फुटून पडते व पुढील वर्षी पुन्हा उगवते, आणि गौरीच्या सणास विकतचा आणावा लागत नाही. कडेस अबोली, मात्र तिला सकाळचे ऊन हवे.

पनवेल-उरणकडे ज्यांची गुंठा-दोन गुंठे जमीन उरली आहे, त्यांनी सोनटक्क्याचे गड्डे वाढवून या संस्थांस पुरवावेत. विलायती रोपांवर दरवर्षी वाया जाणारा पैसा त्यांच्या घरी जाईल. गड्डे दीड-दीड फुटावर, तीन बोटे खोल लावावेत, पाण्याचा निचरा आधी पाहावा. गृहसंस्थांनी मागणी चैत्रातच नोंदविली, तर मृगाच्या पावसापूर्वी ते जमिनीत जातील.