चुलीला उरलेलाच कोपरा का?

खोली बांधताना कपाटाची जागा ठरते, टीव्हीची ठरते, दिवाणाची ठरते. चुलीला मिळतो तो उरलेला कोपरा. दाराआड, जिन्याखाली, नाहीतर दोन भिंतींमधला हातभर कोनाडा. याला आमचा विरोध आहे.

गॅस आला, मग चूल कशाला, असे विचारणारे विचारोत. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, त्यानंतर बऱ्याच घरांत टाकी आली. पण १४.२ किलोची टाकी संपली की दुसरी घ्यायला हातात पैसे असावे लागतात. तोवर अंघोळीचे पाणी आणि भाकरी चुलीवरच. यात लाजण्यासारखे काही नाही. चूल कशी मांडली आहे याची मात्र काळजी हवी, आणि ती एकट्या बाईने करायची नाही.

मागच्या हिवाळ्यात ओळखीच्या एका घरी चुलीमागच्या प्लायवूडवर पत्रा ठोकलेला पाहिला. "पत्रा आहे ना, आता काय होते," घरधनी म्हणाले. आम्ही तो काढायला लावला. मागचे प्लाय कोळशासारखे काळे पडले होते, बोट लावताच भुगा झाला. आग लागली नव्हती इतकेच! भिंतीला चिकटलेला पत्रा स्वतः तापतो आणि ती धग मागे देतो. लाकूड महिनोन्‌महिने असे भाजत राहिले की पहिल्यापेक्षा कमी उष्णतेलाही पेट घेते. त्यामुळे दोन वर्षे काही झाले नाही, म्हणजे पुढेही होणार नाही, हा हिशोबच उलटा आहे.

लाकडावर चालणाऱ्या लोखंडी बंद चुलीसाठी अमेरिकेत नियम आहे, उघड्या लाकडी भिंतीपासून ३ फूट अंतर. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत ३ फूट आणायचे कुठून? पण त्याच नियमात वाट आहे. पत्रा भिंतीपासून १ इंच पुढे उभा केला आणि मागे खालून वर हवा खेळती ठेवली, तर अंतर १ फुटापर्यंत आणता येते. मधल्या फटीत लाकडी पट्टी घालू नका, लोखंडी नळीचे तुकडे घाला, तेही चुलीच्या अगदी पाठीमागे नकोत. आपली चूल उघड्या जाळाची, म्हणून १ फुटाहून जास्तच सोडा. भिंत विटांची असेल तर चिंता कमी. कोनाड्यावरची लाकडी फळी आणि दोरीवरचे कपडे मात्र हलवाच, जाळ वरच जातो.

भिंत वाचली, फुप्फुसाचे काय? घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, त्यांत २ लाख ३७ हजारांहून अधिक पाच वर्षांखालची मुले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. कोनाडा तिन्ही बाजूंनी बंद, म्हणून धूर आधी स्वयंपाक करणारीच्या तोंडावर येतो आणि मग पाळण्यातल्या बाळाकडे जातो. चुलीला पत्र्याचे धुराडे हवे, छपराच्या वर दोन-तीन फूट निघालेले. वासा किंवा ताडपत्री त्याला टेकू देऊ नका. जुन्या सिमेंट पत्र्याला भोक पाडू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ छातीला घातक. विटांची भिंत असेल तर धुराडे तिच्यातून बाहेर काढून वर न्या. काजळी महिन्याला झाडा, साचली तर तीही पेटते.

थंडीत निखाऱ्यांची शेगडी घेऊन दार लावून झोपणे तर बंदच करा. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

रमाई आवास योजनेतून ज्यांना घरकुल मंजूर झाले, त्यांना आमचे एक सांगणे. २६९ चौरस फुटांत सगळेच बसवायचे असते, हे खरे. तरी जोत्याचे काम चालू असतानाच मिस्त्रीला चुलीची जागा आणि धुराड्याचे भोक दाखवा. मागाहून भिंत फोडायला वेगळे पैसे लागतात. आणि ही जागा घरातल्या बाईने दाखवावी, रोज तिथे बसायचे तिलाच आहे. जुन्या घरात राहणाऱ्यांनी येत्या रविवारी विहारातून परतल्यावर चुलीमागचा पत्रा एकदा काढून बघावा.