पेटीची किल्ली पेटीवर ठेवू नका



आपल्या बहुतेकांच्या घरात पत्र्याची एक पेटी असते. तिच्यात दागिने नसतात, कागद असतात. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, वडिलांचा जातीचा दाखला, लेकरांची गुणपत्रके, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक. पाऊस गळू लागला तर आपण आधी ही पेटी सरकवतो, मग अंथरूण. आणि ते योग्यच आहे. १९९० साली केंद्र सरकारने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा दिला. तेव्हापासून तर मुलांची शिष्यवृत्ती, नोकरी आणि जात पडताळणी या कागदांवरच उभी आहे.

परंतु हीच कागदपत्रे आज आणखी एका पेटीत पडून आहेत आणि तिच्याकडे आपले लक्ष नाही. ती पेटी म्हणजे सेवा केंद्रावरचा, दवाखान्यातला किंवा गुत्तेदाराच्या कचेरीतला संगणक. जळकोट-देवणीकडून उदगीरला आलेली बाई उत्पन्नाच्या दाखल्यासाठी केंद्रावर जाते, आधारकार्ड देते, बँकेचे पुस्तक देते, मोबाईलवर आलेला ओटीपी मोठ्याने वाचून दाखवते आणि गाडी चुकू नये म्हणून घाईने निघते. दाखला तिच्या हाती येतो. तिच्या कागदांची प्रत मात्र त्या संगणकातच राहते.

त्या संगणकापुढे कोण बसलेले असते? पुष्कळदा आपलाच मुलगा, आपलीच मुलगी. टायपिंगची परीक्षा आणि एमएस-सीआयटी करून कंत्राटावर डाटा एंट्रीला लागलेली ही लेकरे आहेत. म्हणून या आठवड्यात आम्ही दोघांशी बोलणार आहोत: कागद देणाऱ्यांशी आणि ते कागद संगणकात भरणाऱ्यांशी.

अलीकडे कचेऱ्यांत आपोआप काम करणारी सॉफ्टवेअर आली आहेत. माणूस एकदा काम करून दाखवतो. कुठे माऊस दाबायचा, कोणत्या रकान्यात काय भरायचे, हे सॉफ्टवेअर टिपून घेते. मग एक्सेलच्या तक्त्यातून एकेक नाव उचलून तेच काम ते शंभर वेळा स्वतः करते. बँका, विमा कंपन्या, मोठी रुग्णालये ते वापरतातच. मायक्रोसॉफ्टचे ‘पॉवर ऑटोमेट’ तर विंडोज ११ सोबतच मिळते, त्यामुळे छोट्या दुकानातही ते चालवता येते. दिवसभर तेच ते टंकून ज्याची बोटे दुखतात, त्याला या यंत्राचा आधार वाटणारच. यंत्राशी आमचे काही भांडण नाही.

अडचण वेगळी आहे. यंत्राला काम शिकवताना आपण त्याला किल्लीही देऊन बसतो. संकेतस्थळावर शिरण्याचा पासवर्ड त्या कामाच्या यादीतच सरळ अक्षरांत लिहिला जातो. ती फाईल जो उघडेल त्याला तो वाचता येतो. यंत्र टिपून घेत असताना खऱ्या माणसाचा आधार क्रमांक टाकला, तर तोही टिपला जातो. काही सॉफ्टवेअर काम अडले की पडद्याचा फोटो काढून ठेवतात, त्यात कोणाचे तरी नाव, जात, खाते क्रमांक दिसतो. केलेल्या कामाची नोंदवही, जिला ‘लॉग’ म्हणतात, तिच्यातही ही माहिती जाऊन बसते. पेटीला कुलूप लावायचे आणि किल्ली पेटीवरच ठेवायची, असा हा प्रकार.

ही चूक फक्त लहान दुकानात होते असे समजू नका. आपली कितीतरी मुले पुण्या-हैदराबादला ज्या उबर कंपनीच्या टॅक्सी चालवतात, त्या कंपनीच्या संगणकांत सप्टेंबर २०२२ मध्ये एक घुसखोर शिरला. त्याने स्वतःच सांगितले की, आपोआप काम करणाऱ्या एका फाईलमध्ये मुख्य अधिकाराचा पासवर्ड लिहिलेला सापडला आणि त्यावरून पुढची सगळी दारे उघडली. एवढी मोठी कंपनी, पण दार उघडले ते लिहून ठेवलेल्या किल्लीने.

आपल्या राज्यातही किल्ली परक्या हाती गेली की काय होते हे आपण पाहिले. यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यातले शेंदूरसनी हे सुमारे दीड हजार वस्तीचे गाव. २०२५ साली या ग्रामपंचायतीच्या नावावर सत्तावीस हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे उघडकीस आले. तपासासाठी विशेष पथक नेमावे लागले. गावातल्या लोकांनी काही केले नव्हते, पण नाव गावाचे बदनाम झाले.

शेजारच्या नांदेड जिल्ह्यातली गोष्ट तर आणखी जवळची. २०२४ साली ‘माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरण्याची सगळीकडे झुंबड होती. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी उदगीरच्या विश्वशांती बुद्ध विहाराचे उद्घाटन केले आणि लाभार्थी महिलांचा मोठा मेळावाही येथे झाला. त्याच सुमारास हदगाव तालुक्यातले एक प्रकरण वर्तमानपत्रांत आले. एका केंद्रचालकाने रोजगार हमीचे पैसे येणार असे सांगून पुरुषांची आधारकार्डे आणि बँकेची पुस्तके घेतली, त्यांच्या नावांवर लाडक्या बहिणीचे अर्ज भरले आणि आलेली रक्कम काढून घेतली, अशी ती तक्रार होती. तिथे कोणी कुलूप फोडले नाही. लोकांनी विश्वासाने दिलेल्या कागदांचाच तो गैरवापर होता.

आता संगणकावर बसणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी चार कामाच्या गोष्टी.

पहिली, पासवर्ड कामाच्या फाईलमध्ये, एक्सेलमध्ये किंवा पडद्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहू नका. विंडोजमध्ये ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ नावाची कुलूपबंद जागा असते, तिथे तो ठेवता येतो. तेही जमत नसेल तर यंत्राला असे शिकवा की काम सुरू करताना त्याने पासवर्ड तुम्हाला विचारावा. पॉवर ऑटोमेटमध्ये एखाद्या माहितीवर ‘सेन्सिटिव्ह’ अशी खूण करता येते. मग ती माहिती नोंदवहीत उघडी दिसत नाही. ही खूण पासवर्डवर कराच, आधार आणि खाते क्रमांकावरही करा.

दुसरी, यंत्राला शिकवताना खऱ्या माणसाची माहिती वापरू नका. खोटे नाव, खोटा क्रमांक घेऊन सराव करा, मात्र सराव अर्ज पाठवण्याच्या आधीच थांबवा. खोटा अर्ज सरकारी संकेतस्थळावर जाता कामा नये.

तिसरी, काम झाले की पुसा. व्हॉट्सॲपवर आलेली आधारकार्डे ‘डाऊनलोड’च्या कप्प्यात साचतात. नुसते पुसले की ती ‘रिसायकल बिन’मध्ये जातात, तीही रिकामी करावी लागते. दुरुस्तीवाला दूरवरून संगणक चालवायला मागत असेल, तर आधी सर्व फायली बंद करा, तो काम करत असताना पडद्यापुढून उठू नका आणि काम संपताच जोडणी तोडा. चहाला जातानाही विंडोजचे बटण आणि ‘एल’ दाबून पडदा बंद करून जा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, आपले लॉगिन आपलेच ठेवा. पुष्कळ ठिकाणी एका लॉगिनवर पाच जण काम करतात. कुठे साहेबांच्या डिजिटल सहीचे डोंगल दिवसभर संगणकाला लावलेलेच असते. गडबड झाली की नोंदीत नाव कोणाचे निघते? ज्याचे लॉगिन त्याचे. मग मालक आणि साहेब बाजूला होतात आणि आठ-दहा हजारांवर काम करणारे पोर पोलीस ठाण्यात बसते. त्याच्यामागे वकील उभा करायची आपली ऐपत नसते. म्हणून वेगळे लॉगिन मागा, तेही लेखी अर्ज करून मागा आणि त्या अर्जाची पोच जपून ठेवा. यात उद्धटपणा नाही, ते स्वतःचे संरक्षण आहे.

कायदाही ध्यानात असू द्या. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६-सी प्रमाणे दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल सही लबाडीने वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू व्हायचा आहे. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर केली तर संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, अशी त्यात तरतूद आहे. मालकाला हा आकडा जरूर सांगा. लॉगिन वेगळे द्यायला तो कदाचित लवकर तयार होईल.

आता घरच्या मंडळींसाठी. कागद देताना विचारा, हा कशासाठी? जिथे आधारची नुसती ओळख पुरते, तिथे ‘मास्क्ड’ आधार द्या, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. ओटीपी मोठ्याने वाचू नका, मोबाईलवरचा संदेश आधी पुरता वाचा, तो कशासाठी आला हे त्यातच लिहिलेले असते. मशीनवर अंगठा एका कामासाठी एकदाच ठेवा. ‘लागला नाही, पुन्हा ठेवा’ असे म्हटले तर कारण विचारा, पावती मागा. आधारच्या अधिकृत ॲपमधून अंगठ्याची ओळख कुलूपबंद करता येते आणि हवी तेव्हा उघडता येते. घरातल्या शिकलेल्या मुलीकडून हे करून घ्या. पैसे गेल्याचे कळले तर लाजू नका, वाट पाहू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

काही जण म्हणतील, आमच्याजवळ चोरण्यासारखे आहे तरी काय? आहे, पुष्कळ आहे. शहरात भाड्याची खोली शोधताना आडनाव विचारणारे घरमालक आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. ज्या मुलीने नव्या नोकरीत आपल्या हुशारीवर जागा मिळवली, तिच्या जातीचा दाखला कचेरीतल्या संगणकावरून दहा जणांच्या मोबाईलवर फिरला, तर त्याचा त्रास कोण भोगणार? आपला दाखला आपल्या हक्कासाठी आहे, दुसऱ्यांच्या चर्चेसाठी नाही. तो कधी, कोणाला आणि किती दाखवायचा, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडेच राहिला पाहिजे.

म्हणून संगणकावर काम करणाऱ्या मुलामुलींना आमचे एवढेच सांगणे आहे. तुमच्यापुढे ठेवलेला प्रत्येक कागद ही कोणाच्या तरी आईने विश्वासाने दिलेली ठेव आहे. गरजेपुरती माहिती घ्या, काम झाले की परत करा आणि उरलेली पुसून टाका. येत्या रविवारी विहारात किंवा वस्तीच्या समाजमंदिरात तासभर बसा. ज्यांना येते त्यांनी मास्क्ड आधार कसे काढायचे आणि अंगठा कुलूपबंद कसा करायचा, हे मोबाईलवर करून दाखवा. म्हाताऱ्या माणसांना आधी बसवा. ज्यांची पेन्शन अंगठ्यावर मिळते, त्यांना याची सर्वांत जास्त गरज आहे.