घेर कशाने उभा राहतो

युरोपातल्या ऐतिहासिक नाटका-चित्रपटांसाठी कपडे शिवायचे म्हटले की एक प्रश्न हमखास येतो. घेरदार झग्याच्या आतला कड्यांचा परकर प्रेक्षकांना दिसत नाही. मग त्यात त्या काळासारखी पोलादी पट्टी घालायची, की प्लॅस्टिकची नळी चालेल?

नळीची बाजू लंगडी नाही. ती स्वस्त आहे, घामाने गंजत नाही, हव्या त्या मापाला कापता येते. पोलादाची टोकं नीट झाकली नाहीत तर ती कापड फाडून पायाला लागतात. शिवाय हा परकर एकाच साहित्याशी कधीच बांधलेला नव्हता. पंधराव्या शतकातल्या स्पेनमध्ये त्यात लवचीक काड्या घालत. त्याचं 'वेर्दुगादो' हे नावही काडीवरूनच पडलं. पुढे देवमाशाच्या जबड्यातल्या पट्ट्या आल्या. पोलादी कड्यांच्या क्रिनोलिन-पिंजऱ्याचं पेटंट 1856 सालचं. देवमाशाच्या पट्टीचा आग्रह आज कुणी धरत नाही आणि धरूही नये. मग प्लॅस्टिकलाच हरकत का? हा युक्तिवाद मला सगळ्यात वजनदार वाटतो.

तरीही क्रिनोलिनच्या बाबतीत तो पुरा पडत नाही. पोलादी पट्टी चपटी असते आणि कडीत उभी बसते. आडवी ती सहज वळते, दारात दाबली गेली तरी सुटताच पूर्ववत होते. पण खाली मात्र लवकर झुकत नाही. नळी गोल, त्यामुळे सगळ्याच दिशांना सारखी वाकणारी. झग्याचं वजन पडलं की ती कड्या टांगणाऱ्या दोन उभ्या फितींच्या मध्ये लोंबते आणि घेराची कड लाटांसारखी दिसू लागते. जाड नळी घेतली तर परकर अवजड होतो, आणि इथेच इतिहास हातातून निसटतो. पिंजरा आला तो खळ घातलेल्या परकरांच्या थरांचं ओझं उतरवायला. चालताना त्याचा घेर कमरेपासून झुलतो. नटीच्या चालीत तो हलकेपणा नसेल, तर कापड कितीही अस्सल असो, 1860 चं दशक मंचावर येत नाही.

म्हणून माझा कौल सरसकट नाही. क्रिनोलिनला पोलादच हवं. सोळाव्या शतकातल्या शंकूसारख्या परकराला मात्र वेत किंवा प्लॅस्टिक खुशाल वापरावं; तिथे सारी मदार कापणीवर आहे. हुआन दे अल्सेगा या स्पॅनिश शिंप्याच्या 1580 च्या पुस्तकात त्याचा आराखडा आहे. कळ्यांची ती कापणी सोडून सरळ चुणीदार परकरात कड्या ओवल्या, तर वेत कितीही अस्सल असला तरी शंकू उभा राहणार नाही.

पैसे वाचवायचेच असतील तर ते वरच्या कापडात वाचवावेत. कड्यांवरून एक साधा परकर आलाच पाहिजे, नाहीतर झग्यावर कड्यांचे वळ उठतात. ही चूक मोठ्या खर्चाच्या निर्मितीतही दिसते तेव्हा वाईट वाटतं. उभ्या फिती नटीच्या अंगावर, तिचे प्रयोगातले बूट पायात असताना मोजाव्यात. आणि परकर पहिल्या तालमीपासून तिच्या हवाली करावा. खुर्चीवर टेकताना मागच्या कड्या किती उचलायच्या, हे शिवणारा सांगू शकत नाही. ते तिच्या हातांनाच कळावं लागतं, आणि त्याला दिवस लागतात.